ग्राफिक्स कार्डाची पारख

संगणकाच्या पडद्यावरील चित्र असंख्य बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यांस पिक्सेल म्हणतात. रुंदीत १९२० व उंचीत १०८० ठिपके असलेल्या पडद्यावर एकूण २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. खेळ चालू असता सेकंदाला ६० चित्रे उमटावयाची, तर दर सेकंदास १२ कोटींहून अधिक पिक्सेलांचा रंग ठरवावा लागतो. हे काम ज्या स्वतंत्र मंडलाकडे सोपविलेले असते, त्यास ग्राफिक्स कार्ड म्हणतात. अशा महागड्या कार्डाची पारख कशी करावी?

या दृष्टीने एक उदाहरण फार उद्बोधक आहे. एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये जीफोर्स ८८०० जीटीएक्स हे कार्ड ५९९ डॉलर किमतीस बाजारात आणले. त्याच्या मुख्य चकतीवर ६८ कोटी १० लाख ट्रान्झिस्टर व १२८ गणनाघटक होते. एका पिक्सेलचा रंग ठरविण्यासाठी शेजारच्या पिक्सेलचा निकाल हाती येण्याची वाट सहसा पाहावी लागत नाही. म्हणूनच हे सारे घटक एकाच वेळी राबू शकतात, आणि खेळांत या कार्डाने आपल्या काळातील इतर कार्डांस मागे टाकले.

खेळाची कसोटी

दोन कार्डांची तुलना करताना संगणक, खेळातील प्रसंग आणि चित्राची प्रत ही तिन्ही समान ठेवावी लागतात. पडद्यावरील पिक्सेलांची संख्या कमी करूनही चित्रांची गती वाढत नसेल, तर अडथळा बहुधा कार्डात नसून मुख्य प्रक्रियकात असतो, हे ओळखावे.

केवळ सरासरीवर विसंबणेही योग्य नव्हे. समजा, एका सेकंदात ६० चित्रे उमटली. प्रत्येकास सुमारे १७ मिलिसेकंद लागले असतील, तर हालचाल सलग भासते. परंतु एकाच चित्राने २०० मिलिसेकंद घेतले आणि उरलेली ५९ चित्रे ८०० मिलिसेकंदांत आटोपली, तरीही सरासरी ६० च भरते. खेळणाऱ्यास मात्र पडदा थबकल्याचे स्पष्ट जाणवते. म्हणून सर्वांत संथ चित्रांचा हिशेब वेगळा मांडला पाहिजे.

चित्रपटाची कसोटी

चित्रपट दाखविण्याचे काम निराळ्या जातीचे आहे. वरील आकाराच्या चित्रपटात प्रत्येक पिक्सेलला २४ बिट व सेकंदाला २४ चित्रे धरली, तर दर सेकंदास सुमारे ११९ कोटी बिट लागतील. ब्लू-रे तबकडीवर चित्रासाठी फार तर ४ कोटी बिट उपलब्ध असतात. म्हणून एच.२६४ सारख्या संकेतपद्धतीने माहिती आवळून साठवितात. ती उलगडताना पुढील चिन्हाचा अर्थ मागील चिन्हावर अवलंबून असतो. येथे १२८ घटकांची फौज निरुपयोगी ठरते; त्यासाठी खास रचलेले मंडलच हवे.

८८०० जीटीएक्समध्ये असे मंडल नव्हते. उलगडण्याचा हा पहिला, क्लेशदायक भाग मुख्य प्रक्रियकालाच उचलावा लागे. एप्रिल २००७ मध्ये त्याच कंपनीने आणलेल्या ८६०० जीटीएसमध्ये गणनाघटक अवघे ३२ होते व किंमतही निम्म्याहून कमी होती, तथापि एच.२६४ चे संपूर्ण उलगडणे ते स्वतः करी. खेळात दुबळे असलेले कार्ड चित्रपटात सरस ठरले! त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या ८८०० जीटीने हे दोन्ही गुण एकत्र आणले.

ही गोष्ट केवळ त्या काळापुरती नव्हती. २०१८ चे बलाढ्य आरटीएक्स २०८० टीआय हे कार्ड एव्ही१ ही नवी संकेतपद्धती स्वतः उलगडू शकत नाही. २०२१ चे, त्याहून पुष्कळ स्वस्त आरटीएक्स ३०६० ते करू शकते.

तात्पर्य, किंमत ही सर्व गुणांची ग्वाही नव्हे. कार्ड कोणत्या कामासाठी हवे हे प्रथम ठरवावे, आणि मग त्याच कामावर ते पारखून घ्यावे.