शून्यावर न येणारं यंत्र

पिनबॉलचं जुनं यंत्र जास्त खेळल्यामुळे क्वचितच मरतं. बहुतेकदा ते कुणी खेळत नाही म्हणून मरतं. तीस-चाळीस वर्षं तळघरात पडून राहिलं की आतलं ग्रीस घट्ट होऊन बसतं, पॉइंटांवर काळा थर चढतो, रबरं तडकतात, वायरी उंदरांच्या तोंडी लागतात. अमेरिकेत अशी यंत्रं आजही कुणाच्या आजोबांचं घर आवरताना निघतात, आणि घेणारा हौसेने आधी प्लग लावून बघतो. तेवढं मात्र करू नये. जुन्या कित्येक यंत्रांच्या वायरीला अर्थिंग नसतं. उडालेल्या फ्यूजच्या जागी कुणीतरी भलताच जाड फ्यूज, नाहीतर चक्क सिगारेटच्या पाकिटातली चांदी घातलेली असते. म्हणून आधी तीन तारांची नवी वायर, मग प्रत्येक फ्यूज काढून त्यावरचा आकडा वाचणं, आणि मगच वीज.

या खेळाचं मूळ फ्रेंच बॅगाटेलमध्ये आहे. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत मुलं खिळे ठोकलेल्या ज्या फळीवर गोळ्या उडवत बसायची, तीही त्याच घराण्यातली. गोळी उडवणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्याचं पेटंट सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हने १८७१मध्ये घेतलं. पण धंदा उभा राहिला शिकागोत. १९३१मध्ये डेव्हिड गॉटलिबचा ‘बॅफल बॉल’ आला. काउंटरवर ठेवायचा हा खेळ ऐन मंदीत तुफान खपला. पुढच्याच वर्षी रेमंड मोलोनीचा ‘बॅलीहू’ आला आणि त्यावरूनच ‘बॅली’ हे त्याच्या कंपनीचं नाव पडलं. तेव्हा गोळी एकदा सुटली की खेळणाऱ्याच्या हाती काही उरत नसे. फार तर यंत्राला धक्का द्यायचा. गोळी परत उडवणारे फ्लिपर १९४७मध्ये गॉटलिबच्याच ‘हम्प्टी डम्प्टी’त आले. हॅरी मॅब्जने त्यात सहा फ्लिपर बसवले होते.

फ्लिपर येण्याआधीच या खेळावर जुगाराचा शिक्का बसला होता. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी १९४२मध्ये बंदी आणली, पोलिसांनी यंत्रं जप्त केली आणि ती घणाने फोडली गेली. ही बंदी १९७६पर्यंत टिकली. त्या वर्षी रॉजर शार्प या तरुण पत्रकाराने नगर परिषदेच्या सदस्यांसमोर खेळून दाखवलं: दांडा ओढण्याआधीच गोळी कुठल्या वाटेने जाईल ते सांगितलं, आणि ती तशीच गेली. गंमत म्हणजे जिथे ही यंत्रं बनत त्या शिकागोतही सत्तरच्या दशकापर्यंत पिनबॉलला बंदी होती. दुरुस्ती करणाऱ्याची या इतिहासाशी गाठ यंत्राच्या पोटातच पडते. काही राज्यांत जिंकल्यावर फुकट डाव देणं हासुद्धा जुगार ठरे, म्हणून तिथल्यासाठी डावाऐवजी जादा गोळी देणारी वेगळी यंत्रं निघत. जोडणी अशी का केली आहे याचं उत्तर कधीकधी कायद्यात सापडतं.

शिकागोच्या एका उपनगरात माझ्या मित्राच्या तळघरात साठच्या दशकातलं एका खेळाडूचं गॉटलिब आहे. त्याचा वरचा काचेचा खोका खाली निमुळता होत जातो, म्हणून शौकीन अशा यंत्रांना ‘वेजहेड’ म्हणतात. खेळाची फळी वर उचलून टेकवली की खाली दिसतं ते खरं यंत्र: कॉइल, रिले, पायरी-पायरीने फिरणाऱ्या चकत्या, कापडी वेष्टणाच्या रंगीत वायरींचे दोऱ्याने बांधलेले जुडगे आणि शेकडो पॉइंट. चिप नाही, प्रोग्रॅम नाही. किती गुण झाले, कितवी गोळी चालू आहे, हे सगळं कुठली चकती कुठे थांबली आहे यावरून ठरतं. तळाशी एक मोटर असते. तिच्या दांड्यावरच्या खाचा ठरलेल्या क्रमाने पॉइंट उघडतात आणि मिटतात. पन्नास गुण मिळाले की तीच मोटर गुणांचे आकडे दाखवणाऱ्या रिळांपैकी दहाच्या रिळाला पाच धक्के देते. घंटेचे पाच टोल ऐकू येतात ते यामुळे.

मित्राचं यंत्र सुरू तर झालं, पण थांबेना. नवा डाव सुरू करताना सगळी रिळं शून्यावर यावी लागतात. मोटर प्रत्येक रिळाला ढकलत राहते आणि सगळी शून्यावर पोचली की आपोआप थांबते. इथे मोटर नुसती खडखडत होती आणि दहाचं रीळ सातावर अडून बसलं होतं. रीळ काढून उघडलं, घट्ट झालेली घाण स्पिरिटने पुसली आणि ते कोरडंच परत लावलं. तेल घालायचा मोह इथे हमखास होतो. पण तेलावर धूळ बसते आणि दोन-चार वर्षांत पुन्हा तेच दुखणं. आता रीळ टकटक करत शून्यावर आलं, मोटर मात्र चालूच! रीळ शून्यावर आल्याचं मोटरला कळवणाऱ्या धातूच्या दोन पट्ट्या असतात. त्या क्षणी त्यांनी एकमेकींपासून सुटायला हवं होतं, पण त्या केसभर चिकटलेल्याच राहत होत्या. टोकाला खाच असलेल्या हत्याराने एक पट्टी किंचित वाकवली, आणि मोटर गप्प झाली.

जुन्या स्कूटरचा पॉइंट साफ केलेल्या माणसाला हे काम परकं वाटणार नाही, पण त्याने पॉलिश पेपर मात्र घरीच ठेवावा. हे पॉइंट बहुधा चांदीचे असतात आणि घासले की झिजतात. पट्ट्यांमध्ये जाड कागदाचा तुकडा धरून हलकेच ओढला की बहुतेक वेळा भागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जो पॉइंट काम करतो आहे त्याला हात लावू नये. ‘एकदाच सगळं साफ करून टाकू’ म्हणणारा माणूस एका बिघाडाचे दहा करून ठेवतो. यंत्राच्या पेटीत घडी घालून ठेवलेला जोडणीचा नकाशा समोर पसरावा, अडलेल्या रिलेचा रस्ता बोटाने शोधत मागे जावं आणि जिथे रस्ता तुटतो तेवढीच जागा दुरुस्त करावी.

वरच्या बाजूला संयम आणखी लागतो. खोक्याच्या काचेवरचं चित्र मागच्या बाजूने छापलेलं असतं. दिव्यांच्या उष्णतेने आणि तळघराच्या ओलीने त्या रंगाचे पोपडे निघतात. मागून फडकं फिरवलंत तर चित्रातल्या राणीचं नाक फडक्यावर येईल. सुटत चाललेल्या रंगावर मागून पारदर्शक लेप फवारतात. शिवाय ४४ नंबरचे दिवे काढून कमी वीज खाणारे, कमी तापणारे ४७ नंबरचे दिवे घालतात. खेळाच्या फळीवरच्या काळ्या रेघा काढायला बरेच जण मेलामाइनचा स्पंज आणि अल्कोहोल वापरतात. रेघा निघतात हे खरं, पण तो स्पंज म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. रेघांबरोबर जुना लेपही निघतो आणि पुढच्या हाताला रंग. फळी पुरती रंगवून, वर चकचकीत लेप चढवून नवीकोरी करणारेही आहेत. त्यांच्या हातातलं कसब मी मानतो, पण माझं मत त्यांच्या विरुद्ध आहे. सौम्य नॅप्थाने पुसावं, मेण लावावं, रबरं बदलावीत आणि घासलेलं घासलेलंच राहू द्यावं. गोळी मात्र हमखास नवी घ्यावी. ८० ग्रॅमची ही पोलादी गोळी गंजली की प्रत्येक फेरीत फळी खरवडत जाते.

यंत्र चालू झालं की नव्या मालकाला पुढचा मोह होतो वेगाचा. हल्लीची यंत्रं साडेसहा अंश उतारावर उभी असतात. साठच्या दशकातलं यंत्र साडेतीनच्या आसपासच्या उतारासाठी बनलेलं. मित्राने मागचे पाय उंचावले तेव्हा गोळी झकास धावू लागली, पण जुन्या फ्लिपरच्या फटक्याने ती वरच्या टोकापर्यंत पोचेना. यावर लोक जोरदार कॉइल बसवतात, मग त्या दणक्याने जोडकाम सैल होतं, गोळी काचेवर आपटते आणि पुन्हा दुरुस्ती निघते. मित्राने पाना घेऊन मागचे पाय परत खाली केले. आता गोळी वरून रमतगमत येते, आणि फ्लिपर केव्हा मारायचा याचा विचार करायला माझ्यासारख्या नवशिक्यालाही वेळ मिळतो. तरी जिंकतो मित्रच.