गाळण्यापलीकडची दक्षता

चांदूर रेल्वेसारख्या वऱ्हाडी गावात विहिरीचे वा बोअरचे पाणी गाळून, उकळून पिण्याचा संस्कार जैन कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. गाळल्याने कचरा जातो, उकळल्याने रोगजंतूंची भीती टळते. परंतु पाण्यात शिसे किंवा कॅडमियम विरघळलेले असेल, तर ते तसेच राहते. त्यास ना रंग, ना वास. शिसे तर बालकांच्या बुद्धीची वाढच खुंटवते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत अवघे १० मिलिग्रॅम. इतके अल्प प्रमाण विद्युत-रासायनिक संवेदक मोजू शकतो. ऋण विद्युतदाब दिलेल्या इलेक्ट्रोडवर धातू प्रथम साचतो. मग दाब क्रमाक्रमाने बदलला की प्रत्येक धातू आपल्या ठरावीक दाबाला पुन्हा पाण्यात उतरतो. त्या वेळच्या विद्युतप्रवाहावरून धातू कोणता व किती, हे कळते. थोडी थोडी ठेव साठवून अखेरीस एकदम मोजावी, तसाच हा हिशेब. या शास्त्राचा पाया प्राग येथे यारोस्लाव्ह हेरोव्स्की यांनी १९२२ मध्ये घातला. १९५९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

नव्या बोअरचे पाणी स्वयंपाकघरात घेण्यापूर्वी त्यातील धातूंची तपासणी प्रयोगशाळेतून अवश्य करून घ्यावी. पाणी गाळण्याइतकीच ही दक्षताही घराघरांत रुजावी.