बापाच्या नावाचा रकाना

शाळेत नाव घालताना बापाचे नाव सांगावे लागते. त्या एका रकान्यावर नारायण सुर्वे यांनी मराठीतली एक विलक्षण कविता उभी केली: ‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’. देहविक्रय करणारी एक बाई पोराला शाळेत घालायला आली आहे. बापाचे नाव काय सांगणार? ती मास्तरांनाच गळ घालते. कविता म्हणजे तिचे एकटीचे बोलणे. मास्तरांची अडचण आपण तिच्या शब्दांवरूनच ताडायची.

सुर्वे १९२६ सालचे. जन्मदात्यांनी टाकलेले हे तान्हे पोर गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणले आणि काशीबाईंनी वाढवले. नाव, आडनाव, चौथीपर्यंतची शाळा, सारे या दोघांचे देणे. पुढे गंगाराम निवृत्त होऊन कोकणात गेले आणि पोर मुंबईत एकटे उरले. हॉटेलातल्या कपबश्या विसळत, गिरणीत राबत, शाळेत शिपाईगिरी करत सुर्वे सातवीची परीक्षा पास झाले आणि महापालिकेच्या शाळेत मास्तर झाले. टेबलाच्या अलीकडचे पोर आणि पलीकडचा मास्तर, दोघांचेही जिणे त्यांनी भोगले होते.

तरीही कवितेत ना ते पोर बोलते, ना मास्तर. बोलते ती आई. दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याची ही रीत मुंबईच्या गिरणगावच्या, म्हणजे गिरणी कामगारांच्या वस्तीच्या मातीतली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लालबावटा कलापथक काढले. त्यांच्या शाहिरीत आणि वगांत कष्टकरी माणूस आपल्याच बोलीत मैदान गाजवत होता. कम्युनिस्ट चळवळीत वावरलेल्या सुर्व्यांच्या कानात हा बाज पक्का बसलेला. म्हणून त्यांची कविता मोठ्याने वाचली की जास्त भिडते. मार्क्सवाद त्यांचा श्वासच होता, पण या कवितेत घोषणा नाही. ‘लिवा’ म्हणणाऱ्या बाईची बोली शुद्ध करण्याचा मोहही त्यांनी टाळला.

तिच्या बोलण्यात टोमणा ऐकू येतो, लाचारीही ऐकू येते. सुर्व्यांचे चरित्र ठाऊक असले की तिसरेच काही जाणवते. ती मास्तरांकडे जे मागते, ते गंगाराम सुर्वे यांनी कोणी न मागता केले होते. जन्म न दिलेल्या पोराला त्यांनी आपले नाव दिले. तिची मागणी अशक्य नाही, याचा पुरावा खुद्द कवीच आहे.

महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव वडिलांच्या आधी लिहिण्याचे ठरवले. तिथवर यायलाही एवढी वर्षे लागली. मात्र या पोराची जबाबदारी कोण घेणार, हे कुठलाच रकाना विचारत नाही. बाईने मास्तरांना विचारले ते तेवढेच.