लसूण बुरशी मारते, पण कुठे?

“लसणीत बुरशी मारणारं द्रव्य असतं, हे संशोधनानंच सिद्ध झालंय!” गजकर्णाचा विषय निघाला की हे मला हमखास ऐकवलं जातं. लसणीच्या जागी कधी कडुनिंब येतो, कधी टाकळा. दावा अर्धा खरा आहे, म्हणून तो खोडायला वेळ लागतो.

प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत लसणीचा रस बुरशी मारतो, यात शंका नाही. लसूण ठेचली की अ‍ॅलिसिन तयार होतं आणि ते पेशीतल्या प्रथिनांचं काम बंद पाडतं. पण गजकर्णाची बुरशी कातडीच्या वरच्या मृत थरातलं केराटिन खात पसरते, केसांच्या मुळांशी शिरते. तिथवर द्रव्य पोचायला हवं, पुरेशा प्रमाणात, कित्येक दिवस. अ‍ॅलिसिन टिकाऊ नाही. शिवाय बुरशीची पेशी जीवाणूपेक्षा आपल्या पेशीला जास्त जवळची, त्यामुळे तिला मारणारं आपल्यालाही इजा करू शकतं. ठेचलेली लसूण रात्रभर बांधून ठेवल्यानं कातडी भाजून फोड आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तरीही हा सल्ला लहान मुलांसाठी दिला जातो, याचा मला राग येतो.

मग वनस्पतीतली द्रव्यं कुचकामी का? मुळीच नाही. व्हेनेझुएलात सैनिकांच्या अंगावरच्या आणि जांघेतल्या गजकर्णावर लसणीतल्याच अजोईनचा ०.६ टक्के जेल लावून पाहिला. १९९९ साली छापलेल्या निष्कर्षात उपचार संपून महिन्यानंतर तो टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाच्या मलमाच्या तोडीस तोड ठरला होता. पण ते वेगळं काढलेलं, मोजलेलं द्रव्य होतं. ठेच्यात ते किती असेल, कोण सांगणार?

“आमच्या मावशीचं गेलं ना पण!” गेलं असेल. ऑस्ट्रेलियात १५८ जणांच्या पायाच्या चिखल्यांवर टी ट्री तेलाची चाचणी झाली, २००२ साली ती प्रसिद्ध झाली. ५० टक्के तेलाचं द्रावण लावणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांची बुरशी गेली. औषध नसलेलं द्रावण लावणाऱ्यांपैकीही ३१ टक्क्यांची गेली! तुलनेला दुसरा गट असल्याशिवाय मावशीचा अनुभव काहीच सिद्ध करत नाही. आणि तेल लावणाऱ्यांपैकी काहींची कातडी चांगलीच सुजली होती.

“झाडपाल्यानं अपाय होत नाही” म्हणणाऱ्यांनी बिब्ब्याचं तेल उतलेला हात एकदा पाहावा. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे नायट्यावर ‘गोवा पावडर’ लावत. ती ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाची भुकटी. गुणकारी होती, पण कातडी जाळायची, कपड्यांवर न जाणारे डाग पाडायची आणि डोळ्यांत गेली तर डोळे सुजवायची.

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या जीवघेण्या बुरशीच्या आजारावर हळद, तुरटी, सैंधव आणि मोहरीच्या तेलाचा उपाय मोबाइलवर फिरला. त्या आजारात अ‍ॅम्फोटेरिसिन हे औषध आणि शस्त्रक्रिया यांना एकेका दिवसाचा उशीरही महाग पडतो.

“दुकानातली ट्यूब तरी बरी” हेही चूक. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमानं खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. त्यात ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची, भारतात फोफावलेली गजकर्णाच्या बुरशीची जात २०२० मध्ये ओळखली गेली. तिच्यातले बरेच वाण टर्बिनाफिनला जुमानत नाहीत. म्हणून चट्टा पसरत असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या, आणि तोवर घरातल्या सगळ्यांचे टॉवेल वेगळे ठेवा.