मुलांच्या खोलीतली ओल: भिंतीची की हवेची?

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं की समजावं, घरातल्या हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली. त्याच्या वर मीठ हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि त्यातच विरघळू लागतं. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता बहुतेक वेळ ८० च्या वर असते, आणि भिंतीवर बुरशी धरायला तेवढी पुरते.

धुळीतल्या माइट्सना त्याहूनही कमी चालते. डोळ्यांना न दिसणारे हे आठ पायांचे जीव पाणी पीत नाहीत, हवेतलं बाष्प शोषून जगतात. आर्द्रता बरेच दिवस ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर सुकून मरतात. आपल्या त्वचेचा झडलेला कोंडा हे त्यांचं अन्न. गादी, उशी आणि मऊ खेळणी ही वस्तीची जागा. त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे दमा उसळू शकतो. मूल रोज नऊ-दहा तास त्याच गादीत नाक खुपसून झोपतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, ती याच श्वसनविकारांसाठी.

उपायाआधी ओल कुठून येते ते शोधायला हवं. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी काढा. मागच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय: पलीकडचं न्हाणीघर, बाहेरच्या गिलाव्याची भेग, गळकी गच्ची. अशा भिंतीला महागडा रंग लावणं म्हणजे पैसे पाण्यात. रंगाचा थर पाणी आत कोंडतो, फुगे येतात आणि पुढच्या वर्षी पोपडे निघतात. गळती बंद करून भिंत पूर्ण वाळल्यावरच रंगाऱ्याला बोलवावं.

मागची बाजू कोरडी निघाली तर दोष हवेचा. ‘खिडक्या उघडा, खोली कोरडी होईल’ हा सल्ला थंड देशांत चालतो, कारण तिथल्या हिवाळी हवेत बाष्प कमी असतं. कोकणपट्टीत भर पावसात खिडकीतून येणारी हवा आतल्याइतकीच दमट असते. दहा बाय दहाच्या खोलीतल्या हवेत तेव्हा अर्धा किलोहून अधिक पाणी बाष्परूपात असतं, आणि ते फटींतून सतत नव्याने येत राहतं. कपाटात ठेवायच्या शोषक पुड्या त्यापुढे काहीच नाहीत.

आपण स्वतः भर घालतो ती कपडे वाळत टाकून. मशीनमधून पिळून निघालेल्या चार किलो कपड्यांतही दीड-दोन लिटर पाणी उरतं. दोरी मुलाच्या खोलीत असेल तर ते सगळं तिथल्याच हवेत जातं. दोरी दुसरीकडे न्या, एवढं जरी केलं तरी फरक पडतो. पंख्याने आर्द्रता घटत नाही, पण हवा हलती राहिल्याने कोपऱ्यात आणि कपाटामागे बुरशी धरत नाही. म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं. खरोखर पाणी काढतो तो एसी किंवा डीह्युमिडिफायर. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी खोलीतल्याच हवेतलं असतं. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक भिंतीला लावा आणि आकडा ६० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा.

आपल्याकडे बाळाची दुपटी शेगडीच्या उबेवर वाळवत. त्यातली ऊब योग्यच होती, कारण हवा तापली की सापेक्ष आर्द्रता उतरते. मात्र धुरीचा धूर बाळाच्या फुप्फुसांना त्रासाचाच, तो टाळावा. आणि बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या कधीही ठेवू नका. त्यांतल्या नॅप्थॅलिनमुळे जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या लाल रक्तपेशी फुटतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते.

भिंतीवरची बुरशी कोरड्या ब्रशने खरवडू नका, बीजाणू खोलीभर उडतात. मुलाला बाहेर पाठवा, तोंडाला मास्क लावा, साबणाच्या पाण्याने पुसा आणि भिंत लगेच वाळवा. मुलाचा खोकला दर पावसाळ्यात परत येत असेल तर डॉक्टरांना त्याच्या खोलीतल्या ओलीबद्दल न विसरता सांगा.