गर्भाशयमुख : एक संज्ञा आणि तिचे परिणाम

लॅटिनमध्ये ‘सर्व्हिक्स’ म्हणजे मान. संस्कृताश्रयी परिभाषेने तिची ‘गर्भाशयग्रीवा’ केली. ‘गर्भाशयमुख’ या पर्यायाने त्याच अवयवाला मानेऐवजी तोंड दिले. बोलीत गर्भाशय ही ‘पिशवी’ आणि हे ‘पिशवीचे तोंड’. प्रतिमा नेमकी आहे. परंतु व्यवहारात ‘तोंड’ गळते आणि उरते ती केवळ पिशवी. ही गळती निरुपद्रवी नाही.

‘कर्करोग’ हा शब्दही खेकडावाचक ग्रीक ‘कार्किनोस’चाच प्रतिध्वनी होय, सुश्रुताचा ‘अर्बुद’ मागे पडला. प्रस्तुत रोगापुरते हे रूपक दिशाभूलही करते. खेकडा एकाएकी पकडतो. हा रोग मात्र ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या चिवट संसर्गातून, पेशींमधील बदलांच्या पायऱ्या चढत, बहुधा दहा-वीस वर्षांनी प्रकटतो. या मधल्या काळात स्त्रीला काहीच जाणवत नाही आणि उपायाचा काळ नेमका तोच. सौम्य ॲसेटिक आम्ल लावले असता बदललेला भाग मिनिटभरात पांढरा दिसू लागतो; तो गोठवून वा उष्णतेने नष्ट करता येतो. पिशवी काढावी लागत नाही.

निरोगी स्त्रीच्या अशा परीक्षेस ‘चाळणी चाचणी’ म्हणतात. रूढ ‘तपासणी’ या शब्दात आजाराचे गृहीतक दडलेले असते. म्हणूनच ‘मला काही होत नाही, मग तपासायचे काय?’ हा प्रश्न भाषेच्या दृष्टीने अगदी रास्त ठरतो.

चाचणीचे मोल मराठी मुलुखातच सिद्ध झाले. तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू चाचणी न झालेल्या गटाच्या निम्म्यावर आले.

शेजारच्या बीड जिल्ह्याचे चित्र निराळे. ऊसतोडणी करणाऱ्या हजारो स्त्रियांच्या पिशव्या काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. अंगावरून पांढरे जाणे यांसारख्या तक्रारींवर, पुढे कर्करोग होईल या धास्तीने, अनेकींनी शस्त्रक्रिया पत्करली होती. तोंड आणि पिशवी यांतला भेद त्यांना कोणी सांगितला असता तर? शब्दच सारे करतो असे नव्हे. उचल, खाडा आणि मुकादम यांचा जाच त्यामागे होताच.

मुलींसाठी लस आहे. संसर्गापूर्वी, म्हणजे ९ ते १४ या वयात, ती सर्वाधिक गुणकारी ठरते. पुण्यात तयार झालेली भारतीय लस २०२३ मध्ये बाजारात आली. लस झालेला संसर्ग घालवीत नाही. त्यामुळे आईच्या वाट्याला चाळणी चाचणीच येते : शासकीय मार्गदर्शनानुसार वयाच्या ३० ते ६५ वर्षांत, दर पाच वर्षांनी.