थायरॉइड मंदावते तेव्हा : गोळी, होमिओपॅथी आणि टीएसएच

वरणगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उकाड्यातही एखाद्या बाईला पंखा सोसत नाही, अंगावर चादर घ्यावीशी वाटते. वजन वाढते, केस गळतात, पोट साफ होत नाही, पाळीचे चक्र बिघडते. ‘कामाचा थकवा आहे’ म्हणत वर्ष-दोन वर्षे निघून जातात. मग कधीतरी रक्त तपासले जाते आणि थायरॉइड मंदावल्याचे कळते.

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या भागातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिचे थायरॉक्सिन हे संप्रेरक शरीराच्या कामाचा वेग ठरवते. ते कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच वाढवून थायरॉइडला हाका मारू लागते. म्हणून या आजारात टीएसएचचा आकडा वाढलेला दिसतो. मुंबई, गोव्यासह देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत हा दोष आढळला. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटणे, हे याचे एक मोठे कारण आहे.

होमिओपॅथीने बरे होते का?

‘आयुष्यभर गोळी’ हे शब्द ऐकले की अनेक जण साबुदाण्यासारख्या गोड गोळ्यांकडे वळतात. होमिओपॅथीचे डॉक्टर रुग्णाचा स्वभाव, झोप, भूक सगळे विचारून औषध ठरवतात. निवांत ऐकून घेतल्याने बरे वाटते, हेही खरे. पण औषधावरचा ‘३०’ हा आकडा काय सांगतो? मूळ द्रव्याचा एक भाग ९९ भाग द्रावणात, असे तीस वेळा विरलीकरण. बाराव्या पायरीनंतर मूळ द्रव्याचा एक रेणू उरण्याची शक्यताही जवळपास संपते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा कोणत्याही आजारावर होमिओपॅथी गुणकारी ठरल्याचा विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही.

मग काहींचा टीएसएच उतरतो कसा? दोष सौम्य असेल आणि आकडा दहाच्या आत असेल, तर अनेकदा तो काही महिन्यांनी आपोआप खाली येतो. त्या काळात जे औषध चालू असेल, त्याला श्रेय मिळते.

ग्रंथी खरोखर निकामी झाली असेल, तर कमी पडलेले संप्रेरक बाहेरून द्यावेच लागते. १८९१ मध्ये जॉर्ज मरे या इंग्रज डॉक्टरांनी एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क दिला. ती पुढे २८ वर्षे जगली. आजची लेव्होथायरॉक्सिनची गोळी तेच काम नेमक्या मात्रेत करते. गोळीची ‘सवय’ लागत नाही. ती फक्त उणीव भरून काढते.

गोळी बंद केली तर?

थायरॉक्सिन शरीरातून सावकाश कमी होते. त्यामुळे पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही आणि ‘नव्या औषधाने भागले’ असा समज होतो. पुढे कोलेस्टेरॉल वाढते, हृदयावर ताण येतो. गरोदरपणात धोका अधिक, कारण पहिले तीन महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असते. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे. मात्रा बहुधा वाढवावी लागते.

हे लक्षात ठेवा

- गोळी सकाळी उपाशीपोटी, फक्त पाण्याबरोबर घ्या. चहा आणि नाश्ता अर्ध्या ते एक तासाने.
- लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवा.
- उष्णता आणि दमटपणाने गोळी बिघडते. खानदेशच्या उन्हाळ्यात बाटली चुलीजवळ किंवा उन्हाने तापणाऱ्या भिंतीच्या फळीवर ठेवू नका.
- मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा.
- होमिओपॅथी घ्यायचीच असेल, तर दोन्ही डॉक्टरांना सांगा. थायरॉक्सिनची गोळी मात्र आपल्या मनाने सोडू नका.